मळीच्या पट्ट्यातली काळी वीट

संपादकांनी पोलाद कारखान्यावर लिहायला पाठवलं होतं. भट्टी पाहून झाली, पण पाय रेंगाळले ते लॅडलच्या शेडमध्ये. भट्टीतलं 1600 अंश सेल्सिअसच्या आसपासचं पोलाद या अजस्र बादलीत ओततात. बादलीचं कवचही पोलादाचंच. आतला रस थेट भिडला तर तेही वितळेल. मध्ये आहे ते विटांचं अस्तर.

रिकाम्या लॅडलमध्ये उतरून एक गवंडी त्या विटा लावत होता. विटेचं एक टोक फुगीर, दुसरं खोलगट. एकीचा फुगवटा दुसरीच्या खोबणीत बसतो. थर सुटे सुटे चढत नाहीत. तळाच्या उतरत्या विटांपासून सुरू झालेला एकच फेरा गोल फिरत वर जातो, त्यामुळे दर थराला शेवटची वीट कापून ठोकावी लागत नाही. वीट बसली की गवंडी सांध्यावरून बोट फिरवायचा. सांधा सैल राहिला तर पोलाद तिथूनच वाट काढणार. त्या बोटावर किती जणांचा जीव असतो, या विचाराने मी तिथून हललो नाही.

पोलादावर मळी, म्हणजे स्लॅग, तरंगते त्या वरच्या पट्ट्यात विटा काळ्याभोर होत्या: मॅग्नेशियात, म्हणजे मॅग्नेशियम ऑक्साइडात, ग्राफाइट मिसळून राळेने बांधलेल्या. मॅग्नेशिया 2800 अंशांनाही वितळत नाही, पण मळी त्याच्या कणांमधून झिरपून त्याला खाते. ग्राफाइटवर ती पसरत नाही, म्हणून आत शिरत नाही. चुन्याच्या मळीला मॅग्नेशियासारखं अल्कधर्मी अस्तरच हवं, हे 1870 च्या दशकात इंग्लंडच्या सिडनी गिलख्रिस्ट थॉमसने दाखवलं होतं. ग्राफाइटची जोड जपानी कारखान्यांनी शतकभराने दिली.

पण ग्राफाइट जळतो. पोलाद ओतण्याआधी लॅडल बर्नरने तापवावंच लागतं, नाहीतर विटा तडकतात; त्याच तापवण्यात पृष्ठभागावरचा कार्बन हवेत जातो आणि भुसभुशीत मॅग्नेशिया मागे उरतो. ग्राफाइट कमी केला तर मळी शिरते, वाढवला तर उष्णता कवचापर्यंत पोचते. कच्च्या मालाचीही ओढ आहेच. मॅग्नेशिया ज्यापासून मिळतो ते मॅग्नेसाइट तमिळनाडूत सेलमजवळ सापडतं, पण त्यात सिलिका जास्त. शुद्ध मालासाठी आपण चीनकडे पाहतो, आणि 2017 मध्ये तिथल्या खाणी-भट्ट्यांवर पर्यावरणाचे निर्बंध आले तेव्हा भाव कडाडले.

जुन्या विटा दळून पुन्हा वापराव्यात, तर तिथेही अडचण. कार्बन वाचवायला विटेत ॲल्युमिनियमची पूड घातलेली असते. वापरातल्या तापाने तिचं कार्बाइड होतं. ओल लागली की ते फुगतं आणि अशा मालाची नवी वीट आतून फुटते. म्हणून तो माल आधी पाण्याने किंवा वाफेने मुरवून, नीट वाळवून मगच साच्यात जातो.