दौंडला इंजिन का फिरायचं? : एका जंक्शनकडे संशोधक म्हणून बघताना

मी शिरूर तालुक्यातल्या निमोण्याचा. आमच्या तालुक्यात रेल्वे नाही, त्यामुळे आमच्यासाठी रेल्वे म्हणजे भीमेकाठचं दौंड. मनमाडकडून पुण्याला निघालेली गाडी दौंडला आली की इंजिन पुढून काढून मागे लावायचे. सगळे वैतागायचे, चहा प्यायचे आणि विसरून जायचे. पीएचडीला आल्यावर कळलं, की या वैतागातच संशोधनाचा प्रश्न दडलेला होता.

आधी निरीक्षण नीट मांडू. मनमाडची लाईन दौंड स्थानकाला पुण्याच्या बाजूने येऊन मिळते. म्हणून मनमाडहून सोलापूरला जाणारी गाडी, उदाहरणार्थ कर्नाटक एक्स्प्रेस, सरळ निघून जाते. पुण्याला जाणारीला मात्र उलटं फिरावं लागतं.

आता संदर्भ. पुण्याहून दौंडमार्गे दिक्साळपर्यंतचा मार्ग १८५८ मध्ये सुरू झाला. दौंड-मनमाड आला १८७८ मध्ये. त्याआधी सोलापूरकडचा माल रेल्वेने खानदेशात न्यायचा, तर बोरघाट उतरून कल्याण आणि तिथून पुन्हा थळघाट चढून वर! नव्या मार्गाने हा वळसा वाचला.

मग गृहीतक तयार: ‘हा मार्ग पुण्यासाठी नव्हताच, उत्तर-दक्षिण वाहतुकीसाठी होता, म्हणून जोड अशी दिली.’ छान वाटतं ना? इथेच थांबा. मीही इथेच घाई केली होती. माझ्या मार्गदर्शकांनी एकच विचारलं, “आणि नदी?” मनमाडची लाईन दौंडजवळ भीमा ओलांडते. पुलाला योग्य जागा जिथे मिळाली, तिथूनच रुळांचं वळण ठरलं असेल तर? रुळांचा आकार दिसतो, हेतू दिसत नाही. दोन्ही शक्यता तपासायला त्या काळातले नकाशे आणि सर्वेक्षणाचे कागद लागतात.

कागद शोधताना आणखी एक गोष्ट समोर येते. या मार्गाचं मातीकाम १८७६-७८ च्या दुष्काळात झालं, आणि त्यावर दुष्काळी कामावरचे मजूर राबले. त्याच काळात सर रिचर्ड टेंपल यांनी धान्याचं प्रमाण दिवसाला एक पौंड, म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅमवर आणलं. दिवसभर माती उपसणाऱ्या माणसाला एवढंच. पुणे सार्वजनिक सभेने या मजुरीविरुद्ध सरकारकडे दाद मागितली. आपण ज्याला ‘भराव’ म्हणतो, तो कुणीतरी उपाशीपोटी घातलेला आहे. तुमच्या आराखड्यात फक्त अभियंते आणि कंपन्याच असतील, तर अर्धा पुरावा तुम्ही आधीच गाळलेला असतो.

आता पुणे-मनमाड गाड्यांसाठी दौंड कॉर्ड लाईन झाली आहे. इंजिन फिरवायची गरज उरली नाही. प्रवाशांचं भलंच झालं, पण ज्या गैरसोयीमुळे प्रश्न पडायचा, तीच गेली. पुढच्या पिढीला हा प्रश्न सुचणार कसा?

म्हणून एवढं करा. तुमच्या गावाजवळचं जुनं स्थानक, गिरणी, पूल, कारखाना, काहीही निवडा. एक पान वहीत लिहा: काय दिसतं, ते का असावं याची किमान दोन कारणं, आणि त्यातलं एक चुकीचं ठरवायला कोणता पुरावा लागेल. तिसरी ओळ लिहिता आली, की समजा विषय हाती लागला.