बीदर–कलबुर्गी : मार्ग झाला, लोकलचं काय?

सुमारे ११० किलोमीटरच्या या रेल्वेमार्गाला १९९७-९८ मध्ये मंजुरी मिळाली, उद्घाटन २९ ऑक्टोबर २०१७ रोजी झालं. मधल्या वीस वर्षांत खर्च सुमारे ३७० कोटींवरून दीड हजार कोटींपुढे गेला. मरगुत्तीजवळ दीड किलोमीटरहून लांब बोगदा खोदावा लागला, हे खरं. पण एवढी दिरंगाई एकट्या बोगद्याच्या माथी मारता येत नाही.

पहिल्याच दिवशी डेमू, म्हणजे डिझेलवर चालणारी लोकल, धावली. दोन्ही टोकांना चालककक्ष असल्याने शेवटच्या स्थानकात इंजिन फिरवण्याची खटपट नाही. रोजच्या प्रवाशांसाठी याहून सोयीची गाडी नाही, मात्र फेऱ्या पुरेशा हव्यात. त्यात बीदर रेल्वेच्या सिकंदराबाद विभागात, कलबुर्गी सोलापूर विभागात. म्हणजे वेळापत्रकाला दोन मालक!