टायरचा आकार आणि वेगमापकाची अचूकता (फोक्सवॅगन टी-३ कॅम्पर)

जुन्या मोटारगाडीतील यांत्रिक वेगमापक (स्पीडोमीटर) गाडीचा वेग प्रत्यक्ष मोजत नाही. तो चाकाचे फेरे मोजतो आणि टायरचा परीघ ठरावीक आहे असे गृहीत धरून त्या फेऱ्यांचे वेगात रूपांतर करतो. त्यामुळे मूळ मापाऐवजी वेगळ्या मापाचे टायर बसवल्यास काट्याने दाखवलेला वेग आणि खरा वेग यांत तफावत पडते. १९७९ पासून उत्पादित झालेली फोक्सवॅगन टी-३ ही गाडी याचे चांगले उदाहरण आहे. या गाडीची वेस्टफालिया या जर्मन कंपनीने केलेली कॅम्पर रूपे, म्हणजे आत झोपण्याची व स्वयंपाकाची सोय असलेली रूपे, प्रसिद्ध आहेत.

रचना

टी-३ चे इंजिन व गियरपेटी मागील बाजूस असतात. वेगमापकाची केबल मात्र पुढच्या चाकापासून निघते. डावीकडे सुकाणू असलेल्या गाड्यांत डाव्या पुढील चाकाच्या हबवरील टोपणात केबलचे चौकोनी टोक अडकवलेले असते. चाक फिरले की केबल फिरते. केबलच्या दुसऱ्या टोकाला, वेगमापकात, एक चुंबक असतो. तो फिरू लागला की शेजारच्या धातूच्या वाटीत भोवरा प्रवाह निर्माण होतात, वाटी ओढली जाते आणि केसासारख्या बारीक स्प्रिंगच्या विरोधात काटा सरकतो. या पद्धतीचे पेटंट ऑटो शुल्झे यांनी १९०२ मध्ये घेतले होते.

या रचनेमुळे मागील टायर किंवा गियरचे गुणोत्तर बदलल्यास काट्यावर परिणाम होत नाही. परिणाम होतो तो केबल जोडलेल्या पुढील टायरचा.

टायरचे माप

टायरवरील २०५/७० आर १४ या खुणेत २०५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ७० ही रुंदीच्या टक्केवारीत बाजूची उंची आणि १४ हा रिमचा इंचातील व्यास असतो. १ इंच म्हणजे २५.४ मिमी. म्हणून,

व्यास = (२ × २०५ × ०.७०) + (१४ × २५.४) = सुमारे ६४३ मिमी

टी-३ मध्ये मूळ वापरात असलेल्या १८५ आर १४ सी या टायरचा व्यास सुमारे ६५० मिमी आहे. त्याच्याशी तुलना अशी :

* २०५/७० आर १४ : ६४३ मिमी (१.१ टक्के लहान)
* २०५/६५ आर १५ : ६४८ मिमी (०.४ टक्का लहान)
* १९५/६५ आर १५ : ६३५ मिमी (२.४ टक्के लहान)
* २१५/६५ आर १६ : ६८६ मिमी (५.५ टक्के मोठा)

मूळ टायरवर वेगमापक अचूक होता असे मानल्यास, २१५/६५ आर १६ टायरवर काटा ताशी ८० किमी दाखवत असताना खरा वेग सुमारे ८४ किमी असतो. वेगमर्यादा पाळत असल्याची चालकाची खात्री असते, पण मर्यादा ओलांडलेली असते.

टायरची झीजही परिणाम करते. नव्या टायरची नक्षी ८ मिमी खोल असेल आणि ती १.६ मिमीपर्यंत झिजली, तर व्यास सुमारे १३ मिमीने, म्हणजे २ टक्क्यांनी घटतो व काटा तेवढा पुढे सरकतो.

काटा आणि अंतरमापक

संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाच्या नियमन क्रमांक ३९ नुसार वेगमापकाने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग दाखवता कामा नये. जास्त दाखवण्याची मर्यादा खऱ्या वेगाचा दहावा भाग अधिक ताशी ४ किमी इतकी आहे. खरा वेग ८० असताना काट्याने ८० ते ९२ दरम्यान आकडा दाखवणे या नियमात बसते. त्यामुळे वेगमापक सहसा किंचित जास्त वेग दाखवणारे बनवले जातात.

मोठे टायर बसवल्यावर वेगमापक 'सुधारला' असे कित्येकदा वाटते, त्याचे कारण हेच. मुळात ५ टक्के जास्त दाखवणारा काटा ५.५ टक्के मोठ्या टायरवर जवळजवळ खरा वेग दाखवू लागतो. मात्र अंतरमापक (ओडोमीटर) त्याच केबलवर, पण दातेरी चाकांनी चालतो. त्यात चुंबक व स्प्रिंग यांची चूक शिरत नाही. मोठ्या टायरवर १०० किमी प्रवासाची नोंद ९५ किमीच्या आसपास होते. परिणामी इंधनाची सरासरी प्रत्यक्षापेक्षा कमी भरते आणि तेलबदलासारखी कामे लांबतात.

पडताळणी व दुरुस्ती

अंतरमापकाची नोंद महामार्गावरील किलोमीटरच्या दगडांशी १० ते २० किमी अंतरात ताडून पाहिल्यास टायरमुळे आलेली चूक कळते. काट्याची एकूण चूक उपग्रहाधारित जीपीएस यंत्रावरील वेगाशी तुलना करून समजते. त्यासाठी रस्ता सरळ आणि वेग स्थिर असावा. दोन्ही चुका सारख्या नसल्यास फरक वेगमापकाच्या चुंबकात, स्प्रिंगमध्ये किंवा काट्याच्या बसवणीत असतो. टायरमुळे आलेली चूक केबलमध्ये योग्य गुणोत्तराची छोटी गियरपेटी बसवून दूर करता येते.

भारक्षमता

व्यास जुळला म्हणजे टायर योग्य ठरला असे नाही. १८५ आर १४ सी मधील 'सी' हे अक्षर व्यापारी वाहनांसाठीचा मजबूत टायर दर्शवते. त्याचा भारांक १०२ असल्यास एका टायरवर ८५० किलोग्रॅम भार चालतो. मोटारकारसाठीच्या १९५/६५ आर १५ टायरचा भारांक सामान्यतः ९१, म्हणजे ६१५ किलोग्रॅम असतो. असे दोन टायर मिळून एका आसावर १,२३० किलोग्रॅमच पेलतात. पाणी, गॅसची टाकी, फर्निचर व प्रवासी यांनी भरलेल्या कॅम्परच्या मागील आसावरील भार याहून अधिक असू शकतो. म्हणून टायर निवडताना भारांक आधी व व्यास नंतर पाहतात. वेगमापकाची चूक हिशेबाने भरून काढता येते, परंतु अपुऱ्या भारक्षमतेचा टायर चालत्या गाडीत फुटण्याचा धोका असतो.