संबंधात्मक माहितीसंग्रह

संबंधात्मक माहितीसंग्रह : परस्परांशी निगडित माहिती कोष्टकरूपाने संगणकात साठविण्याची पद्धती. व्यवहारात हिला ‘रिलेशनल डेटाबेस’ म्हणतात. आय.बी.एम. कंपनीतील ब्रिटिश गणितज्ञ एडगर फ्रँक कॉड (१९२३–२००३) यांनी १९७० मध्ये ती मांडली. या कार्याबद्दल त्यांना १९८१ चे ट्युरिंग पारितोषिक मिळाले.

या पद्धतीतील संज्ञा महाराष्ट्रातील जमीन-अभिलेखांवरून सहज स्पष्ट होतात. नासिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यातील एखादे गाव घेतल्यास जमिनी, खातेदार व फेरफार यांची तीन स्वतंत्र कोष्टके करता येतात. कोष्टकातील आडव्या ओळीस ‘नोंद’ व उभ्या रकान्यास ‘गुणधर्म’ म्हणतात. जमिनीच्या कोष्टकात एक ओळ म्हणजे एक गट. गाव, गट क्रमांक, क्षेत्र व आकारणी हे तिचे रकाने होत. गणितात अशा सबंध कोष्टकास ‘संबंध’ म्हणतात. पद्धतीचे नाव त्यावरून पडले आहे, कोष्टकांमधील दुव्यांवरून नव्हे.

प्रत्येक ओळ निःसंदिग्धपणे ओळखू यावी म्हणून निवडलेल्या रकान्यास किंवा रकान्यांच्या गटास ‘प्राथमिक किल्ली’ म्हणतात. नाव ही किल्ली होऊ शकत नाही, कारण एकाच नावाच्या दोन व्यक्ती गावात असू शकतात. गट क्रमांकही एकटा पुरत नाही. तोच क्रमांक दुसऱ्या गावातही आढळतो. म्हणून गाव व गट क्रमांक मिळून ‘संयुक्त किल्ली’ होते. एका कोष्टकाची किल्ली दुसऱ्या कोष्टकात संदर्भासाठी येते, तेव्हा तिला ‘परकी किल्ली’ म्हणतात. सातबाऱ्यावरील हक्काच्या नोंदीशेजारचा फेरफार क्रमांक हे तिचे उदाहरण होय. त्या क्रमांकाची नोंद फेरफार नोंदवहीत (गाव नमुना ६) असलीच पाहिजे. या नियमास ‘संदर्भ-अखंडता’ म्हणतात.

एका खातेदाराचे अनेक गट असतात व एका गटात अनेक खातेदारांचे हिस्से असतात. असा दुहेरी संबंध दोहोंपैकी कोणत्याही एका कोष्टकात नीट मावत नाही. त्यासाठी गट, खाते व हिस्सा यांचे वेगळे कोष्टक करावे लागते. प्रत्येक वस्तुस्थिती एकाच ठिकाणी नोंदली जावी, अशी कोष्टकांची फोड करण्यास ‘सामान्यीकरण’ म्हणतात.

हस्तलिखित दप्तरात गाव नमुना ७ गटवार व ८-अ खातेवार लिहीत. एकात दुरुस्ती होऊन दुसऱ्यात राहून गेली, तर दोहोंत विसंगती येई आणि पीककर्ज किंवा खरेदीविक्री अडे. माहितीसंग्रहात हे दोन्ही नमुने एकाच साठ्यातून हवे तेव्हा तयार करता येतात. कोष्टके जोडून असे उत्तर काढण्यासाठी एस.क्यू.एल. ही भाषा वापरतात. तिचे अमेरिकन मानक १९८६ मध्ये ठरले. महाराष्ट्रात अंकीय स्वाक्षरीचा सातबारा २०१८ पासून मिळू लागला.

ही पद्धती नोंदींमधील सुसंगती राखते. नोंदींच्या सत्यतेची हमी देत नाही. एखादा वारस मुळातच वगळला गेला असेल, तर तो प्रत्येक उताऱ्यातून सारखाच वगळला जातो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ अन्वये अधिकार-अभिलेखातील नोंद अन्यथा सिद्ध होईपर्यंत खरी मानली जात असल्याने मूळ नोंदीच्या चौकशीचे महत्त्व संगणकामुळे कमी होत नाही.