दगडाची साक्ष आणि तिची उलटतपासणी

झारखंडमधील राजमहाल इतिहासाच्या विद्यार्थ्याला परिचित असते ते राजा मानसिंगाने तेथे हलवलेल्या बंगाल सुभ्याच्या राजधानीमुळे. मात्र गंगेला वळण देणाऱ्या तेथील टेकड्यांत याहून फार जुने दफ्तर आहे. त्यांचा काळा बेसॉल्ट सुमारे ११ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. लाव्हा थंड होताना त्यातील मॅग्नेटाइटसारखी लोहखनिजे तत्कालीन चुंबकीय क्षेत्राची दिशा टिपून ठेवतात. १९५०च्या दशकात येथील आणि दख्खनच्या खडकांवर झालेल्या मोजमापांनी भारतीय भूभाग एकेकाळी दक्षिण गोलार्धात होता, या मताला मोठे बळ दिले.

परंतु साक्षीदार विश्वासार्ह आहे काय? ताम्रपट हाती आला की तो अस्सल आहे की मागाहून घडवलेला, हे आपण आधी तपासतो. खडकाबाबत क्ष-किरण विवर्तन हे त्या तपासाचे एक साधन आहे. खडकाची पूड करून चुंबकाने लोहखनिजे वेगळी काढतात, कारण एरवी त्यांचे अल्प प्रमाण इतर खनिजांत झाकले जाते. त्यांवर सोडलेले क्ष-किरण कोणत्या कोनांत वळतात, यावरून स्फटिकातील अणूंची मांडणी कळते. मॅग्नेटाइटच्या एकक कोशाची बाजू सुमारे ८.४० अँगस्ट्रॉम, तर त्याच्या ऑक्सिडीकरणातून बनणाऱ्या मॅग्हेमाइटची सुमारे ८.३५. फरक अल्प, पण निर्णायक. मॅग्हेमाइट आढळले, तर खडकाने सांगितलेली दिशा मूळची की नंतरची, असा संशय घ्यावाच लागतो.

येथे प्रशासनाचा प्रश्न उभा राहतो. बांधकामाचा दगड कायद्याने 'गौण खनिज' आहे. १९५७च्या खाण कायद्यानुसार त्याचे नियम राज्ये करतात. राजमहालच्या टेकड्या खडीसाठी फोडल्या जात आहेत. खडीच्या तुकड्यातूनही खनिज ओळखता येईल. चुंबकीय दिशा मात्र कायमची हरवलेली असेल, कारण खडक जागेवर असतानाच त्यावर दिशेची खूण करावी लागते.

भूवारसा जतनासाठी केंद्रीय खाण मंत्रालयाने डिसेंबर २०२२मध्ये विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध केला होता. राज्यांना आरंभ त्याआधीही करता येईल. खाणपट्टा देण्यापूर्वी दिशांकित नमुने घ्यावेत आणि काही कडे राखून ठेवावेत. रस्त्यांना खडी हवीच. पण नक्कल करून घेण्यापूर्वी मूळ दस्तऐवज रद्दीत घालणे कोणत्याही दफ्तरखान्यात क्षम्य मानले जात नाही.