कचऱ्यावरचं पांघरूण

पुणे जिल्ह्यातल्या भोर-वेल्ह्यात पावसाळा म्हणजे चार महिने अखंड पाणी. वेल्ह्यातलं बरंच पाणी पानशेत-वरसगावमार्गे पुणेकरांच्या नळात जातं, भोरचं काही भाटघरमार्गे नीरेला. म्हणून इथे कचरा उघड्यावर टाकला तर प्रश्न फक्त दुर्गंधीचा राहत नाही. ढिगात मुरलेला पाऊस काळं, घाण पाणी होऊन झिरपतो आणि ओढा गाठतो.

यावर उपाय म्हणजे झाकण. 2016च्या घनकचरा नियमांत पावसाळ्याआधी कचऱ्याच्या भरावावर 40 ते 65 सेंटिमीटर मातीचा थर सांगितला होता. भराव बंद करताना 60 सेंटिमीटर चिकणमाती, वर पाणी वाहून नेणारा 15 सेंटिमीटरचा थर आणि शेवटी झाडोऱ्यासाठी 45 सेंटिमीटर माती. मुंबईतली गोराईची कचराभूमीही झाकूनच हिरवी केली.

एवढी सुपीक माती डोंगरउतारावरून खरवडणं मात्र मला पटत नाही. टाकाऊ गोष्टी इथे कामी येतात: निचऱ्यासाठी बांधकामाचा दळलेला राडारोडा, वरच्या मातीत मुरलेलं कंपोस्ट, गवत रुजेपर्यंत आच्छादन म्हणून भाताचा पेंढा. कंपोस्टमधले जिवाणू ढिगातून वर येणारा मिथेनही काही प्रमाणात खातात.

झाडोरा निवडताना घाई नको. खोल मुळांचं झाड खालची चिकणमाती फोडतं. उथळ, दाट मुळांचं स्थानिक गवत बरं. कोरड्या प्रदेशात झाडोराच पाणी शोषून परत हवेत सोडतो. पण सह्याद्रीच्या धारांपुढे तेवढ्याने भागत नाही. इथे गवताचं खरं काम माती धरून ठेवण्याचं. पाणी अडवते ती चिकणमाती आणि नीट दिलेला उतार. पेरणी पहिल्या सरींबरोबरच व्हायला हवी.