साठ मिलिग्रॅम विष आणि एक सुतळी

ऑगस्टात कपाशी गुडघ्याच्या वर जाते आणि निंदणाला वाकलेल्या बाईला आपला पाय कुठे पडतोय ते दिसत नाही. घोणस, आपल्या वऱ्हाडातली परड, नेमकी अशाच वावरात असते. एका दंशात ती सरासरी ६३ मिलिग्रॅम विष सोडते. तांदळाचे तीन दाणे तेवढ्याच वजनाचे भरतील.

आता समोरचं सैन्य पाहा. अंगात पाच लिटर रक्त, त्यात सव्वा लाख कोटींच्या घरात प्लेटलेट्स आणि गाठ धरणारं फायब्रिनोजेन सुमारे ९ ग्रॅम, म्हणजे विषाच्या जवळपास १४० पट. तरी तीन दाणे जिंकतात, कारण विष लढत बसत नाही, ते रक्तातल्या ‘दहाव्या घटका’ला जागं करतं. हा घटक पाचव्याच्या जोडीला बसला की रक्त गोठवणारं थ्रॉम्बिन तयार होण्याचा वेग तीन लाख पटींनी वाढतो. एरवी साडेतीन दिवस लागले असते ते काम एका सेकंदात! रक्तभर बारीक गाठी होतात, साठा संपतो आणि मग हिरड्यांतून येणारं रक्त थांबता थांबत नाही.

देशात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने अंदाजे १२ लाख माणसं गेली, वर्षाला ५८ हजार. त्यातली बहुतेक खेड्यांतली.

दंश झाला की घरचे पहिल्यांदा दुपट्टा, सुतळी, बैलाची दोरी, जे हाती लागेल ते करकचून बांधतात. जीव वाचावा म्हणूनच बांधतात, आणि म्हणूनच हे सांगताना मला जड जातं. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेत डॉक्टरही पट्टा आवळतात, पण दाब मोजून, घड्याळ लावून, साधारण दोन तासांच्या आत. सुतळीला ना दाब कळतो, ना वेळ. धारणीहून अमरावतीच्या इर्विन रुग्णालयात पोचेपर्यंत तर कित्येक तास जातात. तोवर पायातल्या पेशी प्राणवायूवाचून तडफडतात, आम्ल आणि पोटॅशियम साचतं. सुतळीची गाठ सुटली की परत आलेलं रक्तच घाव घालतं. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी (शरीर रोज सुमारे दहा हजार कोटी घडवतं) रक्तवाहिनीच्या अस्तराला चिकटून तिथे दाह पेटवतात. तेच अस्तर गाठी विरघळवणारं द्रव्यही सोडतं, तेही गोठणं आधीच बंद पडलेल्या रक्तात. वर अडकलेलं विष एकदम सुटतं, ते निराळंच.

आणि हीच अडवणूक पाच मिनिटांची असेल तर? १९८६ साली अमेरिकेत कुत्र्यांच्या हृदयाची धमनी पाच-पाच मिनिटं चार वेळा बंद करून सोडली आणि मग ४० मिनिटं अडवली. एरवी व्हायची त्याच्या पाव इतकीच इजा झाली. २००१ मध्ये निरोगी माणसांच्या हाताचा रक्तपुरवठा २० मिनिटं थांबवला, तेव्हा न्यूट्रोफिल खवळले. आधी छोट्या फेऱ्या दिल्यावर मात्र ते शांत राहिले. माणसांच्या आजारात फळ तितकं सरळ नाही. हृदयविकाराच्या ५,४०१ रुग्णांवर २०१९ मध्ये अशा फेऱ्यांचा काही उपयोग दिसला नाही. चीनमध्ये २०२२ मध्ये पक्षाघाताच्या सुमारे १,८०० रुग्णांत चांगले सावरलेले ६२ टक्क्यांवरून ६७ टक्क्यांवर गेले.

परडीच्या विषाला या फेऱ्यांचा काहीच उपयोग नाही. तिथे पाय हलू न देता काठीच्या आधाराने सैल बांधावा आणि थेट दवाखाना गाठावा. सुतळी आधीच आवळली असेल तर ती डॉक्टरांनीच, औषध तयार ठेवून सोडायची. सुरुवातीला प्रतिविषाच्या १० मिलीच्या दहा कुप्या लागतात. एक मिली ०.६ मिलिग्रॅम विष मारते, म्हणजे दहा कुप्या ६० मिलिग्रॅम. हिशोब दंशाशी जवळजवळ जुळतो.

अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात असो की तालुक्याच्या दवाखान्यात, खूण एकच: कोरड्या काचनळीत २ मिली रक्त, २० मिनिटं न हलवता. नळी तिरपी केल्यावर रक्त वाहिलं तर विष अजून काम करतंय. औषधानंतर सहा तासांनी पुन्हा तीच नळी, कारण नवे घटक घडवायला यकृताला साधारण तेवढा वेळ लागतो.